फीमाफीची पिशवी

पँटची उंची दीड इंच कमी करायला आलेल्या एका माणसानं माझं वर्ष वाचवलं, आणि मी त्याच्याकडून त्याचे चाळीस रुपये घेतले. ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरातली. बार्शीत माझं शिलाईचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. हे गृहस्थ एका ज्युनिअर कॉलेजात क्लार्क. पँट होईपर्यंत स्टुलावर बसले होते. बसल्या बसल्या विचारलं, "पोरगी कितवीला?"

"बारावी सायन्स."

"पुढं?"

"इंजिनिअरिंग म्हणतीय."

"मग व्हॅलिडिटीला टाकलंय का?"

मी म्हटलं, जातीचा दाखला आहे की घरात, लॅमिनेशन करून ठेवलाय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. परवा लग्न आणि आज कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडं मी बघतो ना, अगदी तसं.

तोवर माझी समजूत अशी होती, की फीमाफी म्हणजे पोरगी पास झाली, प्रवेश मिळाला, की एक फॉर्म भरायचा आणि सरकार पैसे देतं. त्या संध्याकाळी कळलं की फॉर्म सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी कागदांची एक रांग असते आणि तिच्यात मधे घुसता येत नाही. आम्ही ओबीसी. तर आधी जातीचा दाखला, त्यावर जात वैधता प्रमाणपत्र (तीच ती व्हॅलिडिटी), त्याच्या बाजूनं उत्पन्नाचा दाखला, त्यावरून नॉन-क्रीमीलेअर (घर उन्नत गटात मोडत नाही असा दाखला), शिवाय डोमिसाईल. एकेकाला लागणारे कागद वेगळे आणि मुदतही वेगळी. उत्पन्नाचा दाखला वर्ष सरलं की जुना होतो. नॉन-क्रीमीलेअरवर ३१ मार्चची तारीख असते आणि ती चालू शैक्षणिक वर्षाच्या शेवटाला पुरली पाहिजे. म्हणजे फार आधी काढला तरी वाया, उशीर झाला तरी वाया. एकटी वैधता अशी, की एकदा मिळाली की जन्माची. पण ती मिळायला लागतात महिने. म्हणून तिच्यापासून सुरुवात करायची.

वैधतेला ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या तारखेआधी वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाच्या तरी कागदावर जात लिहिलेली पाहिजे. माझा स्वतःचा जन्म १९७६ चा, म्हणजे मी उपयोगाचा नाही. बायकोच्या माहेरी सगळी शिकलेली माणसं, तिच्या आजोबांचा ट्रंकभर पुरावा. पण आईकडचं चालत नाही. बायको म्हणाली, "लग्नात सगळं आमच्याकडचं चाललं की." मी गप्प.

राहिले माझे वडील. ते वैरागच्या बाजूच्या आमच्या मूळ गावी चौथीपर्यंत शिकले. शाळेत गेलो तर हेडमास्तरांनी कपाट उघडून दाखवलं. साठच्या आधीची रजिस्टरं वाळवीनं अशी खाल्लेली, की हात लावला की पिठी पडायची. माणूस भला, त्यांनी तसं लेखी दिलं. पण "नाही" असं लिहिलेल्या कागदानं वैधता मिळत नाही.

मग तहसीलमधल्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक बघा म्हणून कुणीतरी सुचवलं. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवालानं सांगायचं आणि त्याची नोंद व्हायची, ते हे पुस्तक. गाव नमुना १४ म्हणतात त्याला. अर्ज केला, चलन भरलं, दोन हेलपाटे झाले आणि तिसऱ्या खेपेला १९४६ चं पान समोर आलं. मला त्यातलं एक अक्षर कळेना. सगळं मोडीत. ओळीवर ओळ, वरची रेघ आधीच मारून खाली अक्षरं लोंबकळत ठेवलेली. दोरीवर वाळत घातलेले कपडेच म्हणा.

मोडी वाचणारे शोधायला लागलो तेव्हा नेमका २०२३ चा नोव्हेंबर. कुणबी नोंदी शोधायला शिंदे समितीचं काम राज्यभर चालू होतं आणि आयुष्यात कधी नव्हे ते मोडी येणाऱ्या माणसाला सोन्याचा भाव आला होता. आम्हाला जे निवृत्त गुरुजी सापडले ते म्हणाले, "बावीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, आता जेवायला फुरसत नाही." तीन आठवड्यांनी नंबर लागला. गुरुजींनी भिंग लावून त्या ओळीवर बोट फिरवलं आणि वाचलं. माझ्या आजोबांचं नाव, बापाचं नाव, जात शिंपी, मुलगा झाला.

"मुलाचं नाव?"

"नाव नाही. तेव्हा बारसं कुठं झालेलं असतं?"

बरोबर होतं. पण माझ्या वडिलांचंच नाव नसलेला माझ्या वडिलांचा जन्म घेऊन मी जात पडताळणी समितीपुढं काय सांगणार? त्यावर उपाय वंशावळीचा. पणजोबांपासून पोरीपर्यंत नावं लिहायची, शपथेवर, आणि आजोबांना त्या सालात दुसरा मुलगा नव्हता हे बाकीच्या कागदांवरून जुळवायचं. माझ्या चुलत्यांच्या लग्नपत्रिकेपासून वडिलांच्या निवडणूक ओळखपत्रापर्यंत सगळं त्यात लागलं. कॉलेजकडून १५-अ नमुन्यातलं पत्र घेतलं, ऑनलाइन अर्ज भरला आणि फाईल सोलापूरला समितीच्या कार्यालयात दिली. सत्तर किलोमीटर एसटीनं, तीन वेळा. प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा जून २०२४ लागला होता. त्या क्लार्कसाहेबांनी ऑक्टोबरात टोकलं नसतं, तर वैधतेच्या अर्जाच्या नुसत्या पावतीवर प्रवेश घेऊन वर्षभर टांगणीला बसलो असतो.

या सगळ्या कागदांना दुकानातली एक सूट कव्हरची पिशवी दिली होती, चेनची. त्यात प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स. घरात तिचं नाव पडलं फीमाफीची पिशवी.

उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट छोटी आहे, पण सांगितली पाहिजे. त्याला आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. भाऊसाहेबांनी विचारलं, वर्षाचं किती होतं? मी वहीतून काढून आणलं होतं, लग्नसराई धरून १ लाख ९२ हजार. शेजारी उभा असलेला एक जण कानात म्हणाला, "साठ हजार सांगा की, सगळे तेच सांगतात." मला मोह झाला नाही असं नाही. पण मेहुण्यानं त्याच आठवड्यात शैक्षणिक कर्जासाठी बँकेत नेलं होतं. तिथं साहेब म्हणाले होते, उत्पन्न इतकं कमी असेल तर कर्ज फेडणार कोण? म्हणजे एका खिडकीला मी गरीब पाहिजे आणि दुसऱ्या खिडकीला श्रीमंत. म्हटलं एकच खरा आकडा सगळीकडं लावावा, निदान लक्षात तरी राहतो. फीच्या योजनेला मर्यादा आठ लाखांची आहे. साठ हजार लिहून मी काय कमावणार होतो?

कर्जाचं पुढं काही झालं नाही. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, हे पोरीनं वाचून काढलं होतं. बँकेत मात्र आज साहेब रजेवर, उद्या पोर्टल बंद, परवा तुमचा पत्ता आमच्या शाखेत बसत नाही. मी नाद सोडला. तो शहाणपणा होता का कंटाळा, ते अजून ठरवता येत नाही.

लेकीला सीईटीत एक्क्याण्णवच्या वर पर्सेंटाईल पडले. आणि कॅपचे, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांचे, फॉर्म भरायच्या धामधुमीत, ८ जुलै २०२४ ला, सरकारचा निर्णय निघाला. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत. मोबाईलवर पीडीएफ आली तेव्हा मी म्हटलं, हे तसलंच काहीतरी, मोफत लॅपटॉपसारखं. पोरीनं सरकारच्या संकेतस्थळावर जाऊन तोच निर्णय उतरवून घेतला, वरचा लांबलचक सांकेतांक जुळवून बघितला आणि मग मला रात्री वाचून दाखवला. मी काज करत होतो. सरकारी मराठी ऐकताना झोप येते, पण ती एका ओळीवर थांबली आणि ती ओळ तिनं परत वाचली. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश, म्हणजे कॉलेजनं आपल्या पातळीवर भरलेल्या जागा, यातून वगळलेले होते.

ती ओळ महिन्याभरात कामाला आली. कॅपच्या फेरीत तिला पुण्यात एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन मिळालं. टीएफडब्ल्यूएसच्या जागाही वर भरल्या होत्या. मंजूर जागांवर ५ टक्के जादा असतात त्या, शिक्षण शुल्क माफ असतं, पण तिथलं मेरिट आणखी वर गेलं. घरात सगळ्यांना कॉम्प्युटर हवं होतं. तेवढ्यात एका एजंटाचा फोन. नंबर कुठून मिळाला देव जाणे. "काका, कॉम्प्युटर देतो. संस्था स्तरावरची सीट आहे, मॅनेजमेंट नाही, एकदम कायदेशीर. ओबीसीचा दाखला आहे ना, मग फीचं काय टेन्शन?"

मेहुणा म्हणाला घेऊन टाका. बायको माझ्याकडं बघायला लागली. पोरगी फोनवर एजंटाला म्हणाली, "दादा, या सीटवर महाडीबीटीचा फॉर्म भरता येतो का, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्याल?" महाडीबीटी म्हणजे फीमाफीचा अर्ज जिथं भरतात ते सरकारी पोर्टल. फोन परत आला नाही. सीट कायदेशीर होती, त्यात तो खोटं बोलला नव्हता. पण त्या सीटची चार वर्षांची फी आमच्या अंगावर आली असती. पोरीला वाईट वाटलं का? वाटलंच. दोन दिवस तोंड पाडून होती. तिच्या मैत्रिणीला कॉम्प्युटर मिळालं होतं.

ऑगस्टात प्रवेश घ्यायला पुण्याला गेलो. वर्षाची फी अशी होती. शिक्षण शुल्क १,१६,०००, विकास शुल्क ११,६०० आणि विद्यापीठाचं, विम्याचं, ओळखपत्राचं मिळून चारेक हजार. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. "मोफत शिक्षण" म्हणजे पहिला आकडा आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क त्यात नाही, राहणं-खाणं नाही, पुस्तकं नाहीत. पेपरात मथळा वाचून जो बाप रिकाम्या खिशानं जाईल तो खिडकीवर फसेल. मी बाजारातल्या भिशीचा नंबर आधी मागून घेतला होता. पिशवीत ४० हजार रोख होते.

खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "एक लाख एकतीस हजार सहाशे."

"मॅडम, ती मुलींची सवलत..."

"सरकारकडून आले की परत करू. आता पूर्ण भरा, नाहीतर सीट कन्फर्म होणार नाही."

मागं रांग. प्रवेशाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. माझे पाय तिथंच गळाले, खोटं कशाला सांगू. भांडावं म्हटलं तर पोरीला इथंच चार वर्षं काढायची. तेवढ्यात पोरीनं पिशवीची चेन उघडून शासन निर्णयाची प्रत काढली आणि काचेच्या खालून आत सरकवली. बाईंनी बघितली नाही. "हे मोबाईलवरचे जीआर आमच्याकडं चालत नाहीत."

"मॅडम, मोबाईलवरचा नाही. वर सांकेतांक आहे, तुम्ही टाकून बघा," पोरगी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. माझा चढला असता.

बाई उठून आत गेल्या. पंधरा मिनिटं. रांगेतला एक माणूस हळूच म्हणाला, "मामा, माझीबी पोरगीच आहे. ते सुटलं तर आम्हाला सांगा." आतून एक वयस्कर सर बाहेर आले, कागद बघितले आणि सांगितलं की एक हमीपत्र लिहून द्या, अर्ज नामंजूर झाला तर फी भरू असं, आणि विकास शुल्क व इतर मिळून पंधरा हजार सहाशे आज भरा. कोऱ्या कागदावर पोरीनं तिथंच लिहिलं, मी सही केली. रांगेतल्या त्या माणसानं त्या हमीपत्राचा फोटो काढून घेतला. पुढं रांगेत तो फोटो किती मोबाईलवर गेला कोण जाणे.

महाडीबीटीचा अर्ज भरायचा तो दिवाळीच्या तोंडावर. शिंप्याच्या घरात दिवाळी म्हणजे रात्री दोनपर्यंत मशीन. ती पुण्यातून फोन करायची, "पप्पा, ओटीपी सांगा," आणि मी तोंडात टाचण्या धरलेला. आधारला माझा नंबर जोडलेला, म्हणून प्रत्येक वेळी ओटीपी माझ्याकडं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप आणि ओटीपी एकाच कागदावर लिहिले गेले आणि तिनं अडतीसनं सुरू होणारा काहीतरी आकडा टाकला.

त्या पोर्टलवर कागद चढवताना फाईल २५६ केबीच्या आत लागते. मोबाईलनं काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. नेटकॅफेवाला पोरगा दाबून दाबून तो आत बसवतो आणि मग दाखल्यावरचा शिक्का राहतो, अक्षर जातं. आमचं तेच झालं. फॉर्म भरला, पावती आली, आम्ही निर्धास्त. तीन आठवड्यांनी तिनं सहज लॉगिन केलं तर अर्ज परत पाठवलेला. कारण, उत्पन्नाचा दाखला वाचता येत नाही. मेसेज नाही, फोन नाही. दुरुस्तीला तिच्या कॉलेजनं ठरवलेले दोनच दिवस उरलेले आणि सत्र परीक्षा चालू.

तेव्हापासून दर सोमवारी लॉगिन करून बघायचं असं तिनं ठरवलं. अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडून प्राचार्यांकडं आणि तिथून विभागाकडं सरकतो, आणि यातल्या कुठल्याही टेबलावरून तो उलटा येऊ शकतो. कपडा शिवून दिला की गिऱ्हाईक निदान दुकानात येऊन भांडतं. इथं अर्ज गुपचूप परत येऊन बसतो.

राहण्याच्या खर्चाचं मात्र आमचं जमलं नाही. ओबीसी मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार. प्रत्येक जिल्ह्याला ६०० मुलांची मर्यादा. त्याला भाडेकरार लागतो. ती कॉट बेसिसवर राहायची, एका खोलीत चौघी, महिना साडेतीन हजार. मालकीणबाई म्हणाल्या, करारबिरार मी कुणालाच देत नाही, पाहिजे तर खोली सोडा. त्यांच्या बाजूनं बघितलं तर कळतं, कागदावर आलं की कर येतो. पण एका बाईच्या एका सहीवर आमचे ६० हजार अडले हे मला अजून टोचतं. माझ्या दुकानासमोरच्या केळीवाल्याचा मुलगा पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकला. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली खेड्यातल्या पोरांसाठी उभी केलेली ती संस्था. तिचे अर्ज उन्हाळा-पावसाळ्यात असतात, मुलाखत असते. आम्हाला ते दिवाळीत सुचलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं का काढली ते मला खोलीभाडं भरताना समजलं. फी माफ केली तरी पोरगं शहरात रात्री टेकणार कुठं, हा प्रश्न सव्वाशे वर्षं तिथंच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये पोर्टलवर दिसलं की रक्कम वितरित झाली. कॉलेजच्या वाट्याचं कॉलेजला पोचलं. पण जी थोडी रक्कम पोरीच्या खात्यावर यायची होती ती पासबुकात नाही. मी बँकेत गेलो. आधार लिंक आहे का? आहे. मग पैसे कुठं? "वरून आले नाहीत." चार हेलपाटे. शेवटी तिनंच आधारच्या संकेतस्थळावर बघितलं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी अनुदानासाठी एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडं पोचवणाऱ्या संस्थेकडं, कुठलं खातं लागलंय ते वेगळं. तिथं दिसत होती दुसरीच बँक. ती पाचवीत असताना शाळेत शिबिर लावून सगळ्या पोरांची शून्य शिलकीची खाती काढली होती, गणवेशाच्या पैशांसाठी. ते पासबुक सापडलं शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. त्यावर फ्रॉकमधला फोटो. खातं कधीच झोपलेलं. केवायसी करून ते जागं केलं तेव्हा त्यात तिची रक्कम होती आणि शिवाय शाळेतल्या गणवेशाचे चारशे रुपये. त्या चारशेचं आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि नूतनीकरणाचा अर्ज चालू आहे. पहिल्या वर्षाचा निकाल टाकायचा, उत्पन्नाचा नवा दाखला जोडायचा, बाकी मागचंच. धाकटा दहावीला आलाय. त्याच्या वैधतेला बहिणीचं प्रमाणपत्र लावलं की मोडीच्या गुरुजींकडं जायची गरज नाही, म्हणून मी खुशीत होतो. परवा जेवताना त्यानं विचारलं, "मला पण सगळी फी माफ ना?"

"मुलांना निम्मी," बहीण म्हणाली. सुट्टीला आली होती.

"हा अन्याय आहे."

"मग आजी शाळेत का गेली नाही ते विचार की तिला," असं म्हणून ती भाकरी घेऊन आत गेली. आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "मला कोण विचारलंय का कधी?" आणि पोराच्या ताटात आणखी आमटी वाढली.

काल दुकानात एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. पोरगी अकरावीला, सायन्स. मी टेप गळ्यात घालूनच विचारलं, व्हॅलिडिटीला टाकलंय का? त्यांनी सांगितलं, दाखला आहे की घरात. मी कात्री खाली ठेवली आणि पिशवी काढायला आत वळलो, तर मोबाईल वाजला. ओटीपी होता. मागोमाग पोरीचा फोन.

"पप्पा, लवकर सांगा, अर्ज परत आलाय."